एक पेर पाणी

गेल्या वर्षी पाऊस उघडला तेव्हा शाळेतली मुले घेऊन मी चौकच्या धारावी किल्ल्यावर गेलो होतो. भाईंदर स्टेशनावरून पश्चिमेला निघून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धे, राई, डोंगरी ही गावे एकामागून एक येतात आणि शेवटी जमीनच संपते. त्या टोकाला हा किल्ला. किल्ला म्हणायचा तो जुन्या मायेने. उरले आहे ते थोडे दगडकाम. पण तिथे उभे राहिले की खाली वसईची खाडी समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडे वसई. १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत मराठे आणि पोर्तुगीज या टोकासाठी का झुंजले, हे तिथे उभे राहिल्यावर न शिकवताच कळते. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती खाडीचे दार.

मी मुलांना चिमाजीअप्पांची मोहीम सांगितली. सुरुंग सांगितले, तोफा सांगितल्या, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली ते सांगितले. आवाजही जरा चढवला असेल. कथा संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला.

“सर, दोन वर्षं लढत होते, तर ते जेवत काय होते?”

सगळी मुले हसली. मीही हसलो आणि “भात-भाकरी, दुसरे काय!” असे म्हणून वेळ मारून नेली. पण परतताना बसमध्ये तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसला. वीस वर्षे मी इतिहास शिकवतो. फौजेत तोफा किती, घोडी किती, हे विचारा, सांगेन. फौजेमागे हंडे किती होते, त्यांत कुठले तांदूळ शिजत होते आणि ते कुणी कांडले होते, हे मला कधी कुणी विचारले नव्हते आणि मीही कुणाला विचारले नव्हते.

वास्तविक मला हे ठाऊक असायला हवे होते. मी मुर्ध्याचा. माझ्या आईने आयुष्याची चाळीस वर्षे भाताच्या चिखलात काढली. मेच्या उन्हात राब भाजायचा, मृगात रोप पेरायचे, इरले पाठीवर घेऊन आवणी करायची, दसऱ्याच्या सुमारास हळवे भात कापायचे, दिवाळीनंतर गरवे. खाडीच्या अंगाला खाजणात बांध घालून तांबडा राता घेत. त्याला खारे पाणी सोसते. उघाडी वेळेवर लावली नाही तर भरतीचे पाणी आत शिरे आणि वर्षाचे अन्न एका रात्रीत जाई. त्याच पाण्यावर पलीकडे मिठागरे पिकत. एकाच समुद्रावर आमच्या भाईंदरने भातही काढला आणि मीठही.

आता ते शेत नाही. १९८५ साली इथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांवर गेली. एवढी माणसे राहणार ती जमिनीवरच. आमचेही शेत विकले गेले. कुणी फसवले नाही, कुणी जुलूम केला नाही. आम्ही विकले आणि त्या पैशांवर माझ्या बहिणीचे लग्न झाले, घर पक्के झाले. मात्र त्या दिवसापासून आईने एक गोष्ट सोडली. घरात भात लावायचा तो सूनबाईने, कुकरमध्ये. आई स्वतः भाताच्या भांड्याला हात लावीना. “पिशवीतल्या तांदळाला काय माप लावायचं!” एवढेच म्हणे. आम्हीही तो विषय काढत नसू.

असो. मुलाच्या प्रश्नाने मला शोधाला लावले. बखरींत काही सापडेना, म्हणून दुसऱ्या बाजूने आलो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर आमची साष्टी पोर्तुगीजांना लिहून दिली. नवा मालक आला की पहिले काम काय करतो? वसूल मोजतो. आंतोनियो नूनिश नावाच्या पोर्तुगीजाने १५५४ साली हिंदुस्थानातल्या बंदरांची वजने-मापे एका पुस्तकात उतरवून ठेवली. त्यात वसईच्या धान्याची नोंद आहे. शब्द आहेत ‘मुरा’ आणि ‘बाते’. मुरा म्हणजे आपला मुडा आणि बाते म्हणजे आपले भात! तो लिहितो की वसईला भाताचा एक मुडा तीन खंडींचा, आणि भरडल्यावर त्याचे तांदूळ होतात दीड खंडीहून थोडे अधिक.

मी हे आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “बरोबर आहे. मापाला निम्मंच राहतं. त्यात नवीन काय?”

नवीन काही नाही, आणि तीच गंमत. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या परदेशी कारकुनाला जे कुणी सांगितले असेल, ते उखळाशी बसलेल्या अशाच कुणा बाईने. पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला, बटाटा दिला, काजू आणि पपई दिली, घमेले आणि बादली दिली. त्या बदल्यात आपला ‘भात’ त्यांच्या वहीत गेला.

या कागदांच्या शोधात मला भेटले ते मात्र पोर्तुगिजांपेक्षा इटलीचे लोक जास्त. साष्टी बेटाला इटलीची वाट फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याविषयी लिहिले. १३२१ साली ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, त्यांतले तिघे इटलीचे. पुढे ओदोरिक नावाचा त्यांचाच धर्मबंधू येऊन त्यांच्या अस्थी घेऊन गेला. १५६३ साली व्हेनिसहून निघालेला चेझारे फेदेरीची हा व्यापारी वसई-ठाणे पाहून गेला. ठाण्याचे वर्णन करताना त्याला रेशमाचे विणकर दिसले आणि पीक म्हणून दिसले ते तांदूळ. १६९५ साली जेमेल्ली कारेरी हा जगप्रवासी वसईला उतरला आणि साष्टीतून कान्हेरीची लेणी पाहून आला. हे सारे भाताच्या बांधांवरूनच गेले असणार. आमच्या बेटावर दुसरी वाट होती कुठे?

हे वाचन चालू असतानाच दारात एक इटालियन भात येऊन उभा राहिला. योगायोग म्हणा.

झाले असे की, माझा एक जुना विद्यार्थी उत्तनचा. वर्गात भूगोलात कच्चा. नंतर बोटीवर स्वयंपाकी झाला आणि निम्मे जग पाहून आला. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आला तेव्हा मला भेटायला म्हणून एक कापडी पिशवी घेऊन आला. पिशवीत एक किलो तांदूळ. दाणा आखूड, गोलसर, मधे पांढरा ठिपका.

“सर, व्हियालोने नानो. इटलीचा. रविवारी मी येऊन करतो, मटण तेवढं आणून ठेवा.”

रिसोत्तो हा शब्द हल्ली आपल्याकडच्या हॉटेलांच्या पाट्यांवर दिसतो. ‘रीझो’ म्हणजे तांदूळ; त्यावरून हे लाडके नाव. तांदूळ काही इटलीचा नव्हे. तो आशियाचा, अरबांच्या हातून सिसिली आणि स्पेनमध्ये पोहोचला आणि पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात रुजला. १४७५ साली मिलानच्या स्फोर्झा घराण्यातल्या ड्यूकने फेराराच्या ड्यूकला बियाण्याच्या बारा गोणी दिल्याची हकीकत सांगतात. एका राजाने दुसऱ्याला द्यावी अशी ती भेट होती. पुढे पाणथळ शेतांनी हिवताप वाढतो म्हणून शहरांच्या जवळ भात लावू नये असे हुकूमही निघाले. पण पोट हुकूम मानत नाही. भात वाढतच गेला. १८६६ साली तर पो नदीचे पाणी व्हेर्चेल्ली-नोव्हाराच्या भातशेतीकडे नेणारा काव्हूर कालवा वाहू लागला.

मिलानच्या पिवळ्या रिसोत्तोची एक दंतकथा आहे. १५७४ साली तिथल्या प्रार्थनामंदिराच्या रंगीत काचा करणाऱ्या कारागिराच्या मुलीचे लग्न होते. काचेच्या पिवळ्या रंगात केशर घालणाऱ्या एका शिष्याने थट्टेने लग्नाच्या भातातही केशर टाकले. भात सोन्यासारखा झाला आणि सर्वांना आवडला. कथा गोड आहे. पुरावा मागू नये. छापील पुरावा बराच अलीकडचा. १८०९ साली मिलानला निघालेल्या एका पाकपुस्तकात तांदूळ लोण्यात-कांद्यात परतून, वर केशर आणि रस्सा घालून शिजवायची रीत येते. १८२९ मध्ये फेलीचे लुरास्की या स्वयंपाक्याच्या पुस्तकात ‘मिलानी रिसोत्तो’ हे नाव येते. ही शहराची रीत. तांदूळ परतायचा, थोडी वाइन जिरवायची आणि मग उकळता रस्सा पळी-पळीने घालत अठरा-वीस मिनिटे ढवळत राहायचे. दाण्याच्या अंगावरचे पीठ रश्श्यात सुटून खिरीसारखा दाटपणा येतो, पण दाण्याचा गाभा दाताला लागतो. म्हणून तांदूळ धुवायचा नाही.

“धुवायचा नाही?” आईने एवढ्या वेळात प्रथमच मान वर केली. “मग कसला भात तो!”

रविवारी पोरगा आला. आईला त्याने वाकून नमस्कार केला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आम्हाला वाटले, आता ढवळाढवळी सुरू होणार. पण तो म्हणाला, “आजी, मिलानचा नाही करत. शेतावरचा करतो. रिसोत्तो आला पिलोता.”

‘पिला’ म्हणजे उखळ. पुढे पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या भात भरडायच्या गिरणीलाही तेच नाव पडले. तिथे भात कांडणारे ते पिलोते. मिलानहून पूर्वेला मांतोव्हा नावाचा प्रांत आहे, तिथल्या या कांडपी मजुरांचा हा भात. दिवसभर कोंड्याच्या धुळीत राबणाऱ्या माणसाला वीस मिनिटे पळी फिरवत उभे राहायला सवड कुठली? त्याने आपली रीत काढली.

ती मी डोळ्यांनी पाहिली ती अशी. मटणाची हाडे आमच्या हिने सकाळीच उकळून अळणी काढून ठेवले होते. जाड बुडाच्या पातेल्यात ते मीठ घालून खळखळवले. चारशे ग्रॅम तांदूळ. पोराने कागदाचा शंकू केला आणि त्यातून तांदूळ पातेल्याच्या मधोमध एकाच जागी सोडला. पाण्यात तांदळाची टेकडी उभी राहिली. टेकडीचे टोक पाण्याच्या बोटभर वर यायला हवे. पाणी जास्त झाले तर पळीने काढायचे, कमी पडले तर घालायचे. टोक दिसले की माप बरोबर. मग पातेले दोन्ही कानांना धरून हलवले. टेकडी मोडली, तांदूळ पाण्याखाली गेला. मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटे. पळी लावायची नाही.

आई उठून चुलीपाशी आली ती याच वेळी. टेकडी मोडल्यावर तिने पातेल्यात वाकून पाहिले.

“किती पाणी राहिलं वर?”

“मोजत नाहीत, आजी. टोकावरून कळतं.”

आईने सांडशीने पातेले कलते केले, डाव आत उभा धरला, तो बाहेर काढला आणि ओल्या खुणेपाशी आपले बोट लावले. मधल्या बोटाचे पहिले पेर.

“एक पेर,” ती म्हणाली. “आपलंच आहे.”

मराठी घरात ज्याने आईच्या हाताखाली भात लावला आहे, त्याला हे माप सांगायला नको. तांदळावर एक पेर पाणी. भांडे लहान असो की मोठे, तांदूळ वाटीभर असो की पायलीभर, पेर एकच. ही विद्या कुठल्या पुस्तकात नाही. मांतोव्हाच्या कांडप्याने ती टेकडीच्या टोकावर मोजली आणि मुर्ध्याच्या बाईने बोटाच्या पेरावर. दोघांनी एकमेकांना पाहिलेही नाही.

पाणी आटल्यावर पोराने आच बंद केली, पातेल्यावर जाड फडके दुमडून टाकले आणि वर झाकण दाबले. पंधरा मिनिटे वाफ. “दमाला ठेवला म्हण की!” आई म्हणाली. तेवढ्या वेळात दुसरीकडे कढईत लोणी तापले. मांतोव्हाला यात डुकराच्या मांसाचे लसूण-मिरी घातलेले ताजे सॉसेज मोडून घालतात. आमच्या घरी ते चालत नाही, म्हणून तीनशे ग्रॅम मटणाचा खिमा. ठेचलेला लसूण, भरडलेली मिरी, मीठ. खिमा मंद आचेवर शिजला, मग पाणी आटून लोण्यात खरपूस झाला. शेवटी पोराने दालचिनीची चिमूटभर पूड टाकली. ही मांतोव्हाची नव्हे, शेजारच्या व्हेरोना भागातल्या ‘ईझोला देल्ला स्काला’ गावची. तिथले लोक मांसाच्या रिसोत्तोत दालचिनी घालतात.

त्या चिमटीपाशी माझ्यातला मास्तर जागा झाला. पो नदीच्या खोऱ्यात दालचिनी कुठली? ती सिंहलद्वीपाची, मिरी मलबारची. दोन्ही आपल्याच समुद्रातून गलबतांनी निघत आणि व्हेनिसच्या बाजारात जात. चेझारे फेदेरीचीसारखे व्यापारी वसई-ठाण्याला आले ते याच मालाच्या वाटेने. म्हणजे तांदूळ आशियाचा, मसाला आपल्या समुद्राचा, आणि आम्ही मात्र परदेशी पदार्थ म्हणून कौतुकाने पाहत बसलो होतो!

झाकण काढले. भात मोकळा, दाणा दाणा सुटा, तरी आतून रसरशीत. त्यावर खिमा लोण्यासकट ओतला, मूठभर किसलेले जुने चीज घातले आणि खालून वर एकदाच हलवले. आमच्या पुलावासारखा तो तिखट-सुगंधी नव्हे आणि उत्तनच्या लग्नघरातल्या भातासारखा नटलेलाही नव्हे. साधा, भरभक्कम, मेहनतीच्या माणसाचा. दोन घास खाल्ले की कळते, हा पोटासाठी केला आहे.

जेवताना पोराने तिकडच्या गोष्टी सांगितल्या. मेअखेरपासून चाळीस-चाळीस दिवस बायका गुडघाभर पाण्यात वाकून भात बेणीत. त्यांना ‘मोंदीने’ म्हणत. १९०६ साली व्हेर्चेल्ली भागातल्या संपांतून त्यांनी आठ तासांचा दिवस मान्य करून घेतला. १९४९ साली त्यांच्यावर ‘कडू तांदूळ’ अशा अर्थाच्या नावाचा बोलपट निघाला आणि जगभर गाजला. आता बेणणीला बायका नाहीत; औषधे आणि यंत्रे आली.

“आणि शेतं?” आईने विचारले. “तिथं इमारती आल्या?”

“नाही आजी. शेतं आहेत. त्या ईझोला गावात तर दर वर्षी कापणीच्या सुमारास तांदळाची जत्रा भरते.”

आई काही बोलली नाही. ताटातला भात तिने बोटांनी एकत्र केला आणि संपवला. मी मात्र पुढचा घास घेऊ शकलो नाही. तिथे कांडप्यांच्या नावाचा भात आहे आणि त्याची जत्रा भरते. आमच्या बेटावर शतकानुशतके ज्यांनी आवणी केली, कांडले, पाखडले, त्यांच्या नावाचे काय आहे? किल्ल्यावर चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, तो असावाच. पण त्यांच्या फौजेला लागलेला भात कुणाच्या तरी खळ्यावरून गेला असेलच की!

मग मला आणखी काही मराठी माणसे आठवली. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत लढल्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीपाशी गोळीबारात जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी पोहोचवले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तर कुलाब्याच्या भाताच्या मुलखातले. त्यांच्या शौर्याची तारीख आपल्याला पाठ आहे. त्यांच्या घरी त्या जुलैत आवणी कुणी केली असेल, हे कुठे लिहिलेले नाही. १० जुलै म्हणजे ऐन आवणीचे दिवस.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी त्या मुलाला वर्गात उभे केले आणि सांगितले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला पुरते मिळाले नाही, पण कुठे मिळेल ते कळले आहे.” सुट्टीचा अभ्यास म्हणून मी साऱ्या वर्गाला एकच काम दिले. घरातल्या, नाहीतर शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारायचे: भाताच्या किती जाती ठाऊक होत्या, माप कसले होते, भात कसा लावायची? वहीत लिहून आणायचे. मुले राजस्थानची आहेत, उत्तर प्रदेशची आहेत, कोकणातली, घाटावरची आणि उत्तनच्या कोळीवाड्यातली आहेत. बघू या, किती पेरे जमतात.

आणि घरची बातमी सांगून हे संपवतो. पोराच्या पिशवीतला तांदूळ संपला. पुढच्या रविवारी मी वाड्याचा कोलम घेऊन आलो. मोकळ्या भाताला तो उत्तम. ही कुकर काढू लागली, तशी आई म्हणाली, “राहू दे. पातेलं दे.” तिने तांदूळ तीन पाण्यांनी धुतला, कारण तेवढे मात्र तिने इटलीचे ऐकले नाही. पातेल्यात पाणी घातले, मधले बोट तांदळावर टेकवले आणि क्षणभर तसेच ठेवले.

पाणी बरोबर पेराला लागले होते.